आठ कामगार आणि एक कवळी

शनिवारी सकाळी आजोबांना गॅलरीत शिंक आली आणि त्यांचे दात गाव सोडून गेले.

झालं ते इतकंच. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. खालून खडीने भरलेला एक ट्रक गतिरोधकावर हळू झाला होता. वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या जोडीने निघाल्या, कठड्यावरून गेल्या आणि खडीवर जाऊन बसल्या. मी घरच्या चपलांवर धावत खाली पोचेपर्यंत ट्रक वळणापलीकडे गेला होता. आज कुठल्यातरी नव्या रस्त्यात आमच्या आजोबांचे दात पक्के बसलेले आहेत आणि लोक त्यावरून ये-जा करत आहेत. तिथे कवळी हलायचा प्रश्न नाही, तेवढंच समाधान.

आजोबांच्या तोंडाचं बोळकं झालं. पुढे दीड दिवस ते जे बोलले त्यातलं निम्मं आम्हाला अंदाजाने कळत होतं. त्यांचं बोलणं इथे मी दात घालूनच लिहितो आहे. वाचणाऱ्यांची सोय.

घरात आम्ही तिघेच. आजोबा, काका आणि मी. माझे आईवडील नोकरीसाठी दुसरीकडे असतात, काकाचं लग्न दातांशी झालंय. तळमजल्यावर त्याची लॅब आहे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, काका कॉम्प्युटरवर कवळीचं डिझाइन करतो, मशीन ती घडवतं आणि काका घासूनपुसून देतो. बहुतेक डॉक्टर पेशंटलाही त्याच्याकडेच पाठवून देतात, कारण कवळी बसवताना काकाइतकी चिकाटी कोणाकडे नाही. अर्ध्या शहराच्या तोंडात त्याने हात घातलाय. स्वतःचं तोंड मात्र तो क्वचितच उघडतो.

मी धापा टाकत वर आलो तेव्हा काका आजोबांच्या हिरड्या तपासत होता.

"नवीन करू," काका म्हणाला. "तीन आठवडे."

"उद्या संध्याकाळी पाहिजेत," आजोबा म्हणाले.

"उद्या काय आहे?"

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. छतावर काही नव्हतं, तरी बघत राहिलो.

उद्या काय आहे ते मला माहीत होतं. दोन गल्ल्या सोडून एक चष्म्याचं दुकान होतं. ते चालवणाऱ्यांना सगळे चष्मेवाल्या बाई म्हणतात. दहाएक वर्षांपूर्वी बाईंचे कान गेले, अगदी ठार. तेव्हापासून त्या समोरच्याचे ओठ वाचतात. आजोबा दर गुरुवारी चष्म्याच्या काडीचा स्क्रू घट्ट करून घ्यायला त्यांच्याकडे जात. जगात इतका ढिला चष्मा कोणाचा नसेल. एकदा उशीचा अभ्रा बदलताना मला आतून एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर मिळाला. आजोबा आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत होते, घरात शंभर स्क्रू-ड्रायव्हर आहेत, पण उशीत एकच. मी तो नव्या अभ्र्यात परत ठेवला.

गेल्या महिन्यात बाईंनी दुकान विकलं. सोमवारी त्या भावाकडे निघाल्या होत्या, दुसऱ्या शहरात, कायमच्या. रविवारी संध्याकाळी आमच्याकडे निरोप घ्यायला येणार होत्या.

काका खाली गेल्यावर मी आजोबांच्या खोलीत गेलो.

"आजोबा, दात नसले म्हणून काय झालं? बाईंना कुठे चावायचंय तुम्हाला?"

"फाजीलपणा नको." त्यांनी तोंडावर हात धरला होता. "ती माझं तोंड वाचते. दात नाहीत तर ओठ आत जातात, मग काय वाचणार? गोणपाट?"

"मग काकाला म्हणावं, निदान तात्पुरती एखादी साधी दे बसवून."

"नवी कवळी म्हणजे नवं तोंड. तिला परत पहिल्यापासून शिकावं लागेल. मला ते दात बसवले तेव्हा चार महिने लागले होते तिला. तोवर मी काहीही म्हणालो की ती मला नंबर तपासायच्या खुर्चीत बसवायची."

"मग चिठ्ठी लिहा."

"मी काय वाणसामान मागवतोय?"

"सांगायचं काय आहे पण?"

आजोबांनी खिडकीचं दार उघडलं, परत लावलं. "जाऊ नका, म्हणायचंय. इथे राहा, म्हणायचंय."

"इथे म्हणजे या शहरात?"

"इथे म्हणजे इथे."

मी खोली बघून घेतली. एक पलंग, एक टेबल, तीन पंखे. पंखे दोन बिघडलेले, ते दुरुस्तीला.

"काकाला माहितीये?"

"त्याला काय सांगू? दातांखेरीज दुसऱ्या विषयावर बोलतो का तो?"

"मग दातांपासून सुरुवात करा."

"तेच तर गेले ना," आजोबा म्हणाले.

मी खाली लॅबमध्ये गेलो. काका म्हणाला, जुनं डिझाइन मिळालं तर प्रश्नच नाही. मशीन रात्रभरात तीच कवळी परत काढून देईल. केसाइतका फरक नाही. हिरड्या जरा झिजल्यात, तेवढं आतून भरून घेता येईल. बाहेरून तोंड तेच.

"मग काढ ना डिझाइन."

काकाने टेबलाखालच्या डिस्ककडे बघितलं. विहिरीत घागर पडल्यावर माणूस विहिरीकडे बघतो तसं.

इथे काकाची फाइलींना नावं ठेवायची रीत सांगायला हवी. कवळी पहिल्यांदा तोंडात बसली की पेशंट आरशात बघून जे पहिलं वाक्य बोलतो, ते काका फाइलला नाव म्हणून देतो. का, तर त्याच वाक्यात त्याला कळतं कवळी कुठे घासते, कुठे शिटी वाजते. त्यामुळे त्याच्या डिस्कवर 'हा मीच का' आहे, 'बायको ओळखेल ना' आहे, 'मेव्हण्यासारखा दिसतोय' आहे, एक नुसतीच 'अरे देवा' आहे. पेशंटचं नाव फाइलच्या आत, वरच्या ओळीत. बाहेरून काही कळत नाही.

"आजोबा काय म्हणाले होते?"

"ठीक आहे, असं काहीतरी. शोधलं मी. 'ठीक आहे' नावाच्या चारशे फाइली आहेत." काका थोडा थांबला. "लोकांचं थोडक्यात समाधान होतं."

शिवाय डिस्क भरली की काका नवी डिस्क आणतो, सगळ्या फाइली तिच्यात उतरवतो आणि वर खात्रीसाठी अख्खी जुनी डिस्कही तिच्यात एका फोल्डरमध्ये टाकतो. त्या फोल्डरचं नाव 'जुनं'. त्याच्या आत आधीचं 'जुनं'. त्याच्या आत 'अगदी जुनं', मग 'फेकायचं', 'फेकायचं' च्या आत 'फेकू नये', आणि तिथे परत 'जुनं'. या सगळ्या कॉप्यांमध्ये फाइलींच्या तारखाही एकसारख्या होऊन बसलेल्या. उपाय एकच होता. प्रत्येक फाइल उघडायची, वरची ओळ वाचायची, आजोबांचं नाव आहे का बघायचं, बंद करायची. एकामागून एक केलं तर सोमवार दुपार उजाडली असती. तोवर बाईंची गाडी दोन स्टेशनं पुढे.

म्हणून मी आठ वर्कर थ्रेड लावायचं ठरवलं. पोटापाण्यासाठी मी हेच करतो, फक्त तिकडे कोणाच्या दातांचा संबंध नसतो.

"ते काय असतं?" काकाने विचारलं.

"प्रोग्रामच्या आत आठ कामगार ठेवायचे. एक रांग करायची, बघायच्या फोल्डरांची. ज्याचे हात रिकामे त्याने रांगेतला एक फोल्डर उचलायचा. आत फाइली असतील त्या वाचायच्या. आत आणखी फोल्डर असतील ते रांगेच्या शेवटी ठेवायचे. आठही जण एकाच वेळी. आणि वर एक मुकादम, लक्ष ठेवायला."

"डिस्क एकच आहे. एका तोंडात आठ जणांनी हात घातला तर काम लवकर होतं का?"

"यांचा वेळ वाट बघण्यात जातो रे. फाइल मागितली की ती मिळेपर्यंत गडी नुसता उभा. तेवढ्यात दुसऱ्याचं काम उरकतं."

"आठ माणसं," काकाने हिशोब केला. "चहा?"

"चहा लागत नाही."

"मग ठेव."

मी प्रोग्राम लिहिला आणि चालू केला. बटणावरून बोट उचलायच्या आत उत्तर आलं: 'सापडलं नाही. तपासलेल्या फाइली: शून्य.'

"वेगवान आहेत," काका म्हणाला आणि प्लास्टर कालवायला निघून गेला.

गडबड मुकादमाची होती. मी त्याला सांगितलं होतं, रांग रिकामी दिसली की काम संपलं, बंद करून निघ. मी सगळ्यात वरचा फोल्डर रांगेत ठेवला, पहिल्या कामगाराने तो उचलला, तो दार उघडून आत जातोय तोवर मुकादमाने रांगेकडे बघितलं. रिकामी. त्याने दिवे घालवले, कुलूप लावलं आणि गेला. कामगार आत.

मी मुकादमाला म्हटलं, बाबा रे, जरा दम धर. सुरुवातीला पाच सेकंद थांब, मग रांगेकडे बघ. पुन्हा चालू केलं. आता गाडी सुरळीत निघाली. फाइली भराभर मोजल्या जात होत्या. चहा पिऊन येतो तोवर उत्तर: 'सापडलं नाही.' फाइली लाखभर.

मी वर जाऊन आजोबांना सांगितलं.

त्यांनी उद्यासाठी शर्टाला इस्त्री करायला घेतली होती. कॉलर झाली होती, एक बाही झाली होती. त्यांनी इस्त्री बंद केली. एका बाहीचा तो शर्ट घडी घालून कपाटात ठेवला. तळाशी, स्वेटरांच्या खाली.

"असू दे," ते म्हणाले. "तू केलंस तेवढं पुष्कळ. जेवून घे."

हे त्यांनी इतक्या गोड आवाजात म्हटलं की त्यापेक्षा इस्त्री फेकून मारली असती तर बरं झालं असतं. मी खाली येऊन बसलो. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून तोच प्रोग्राम परत चालवला. अक्षरही न बदलता. माणूस रिकामा फ्रिज परत उघडून बघतो ना, तसा.

'सापडलं नाही.' फाइली तीन लाख.

परत चालवला. आता दोन लाख.

घरातली माणसं मोजताना एकदा तीन, एकदा पाच, एकदा चार भरत असतील तर माणसांकडे नाही, मोजणाऱ्याकडे बघायचं असतं. मी मुकादमाकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. याने सुरुवातीला दम धरला होता, पुढे नाही. मधेच कधीतरी असं होत होतं की रांगेतले सगळे फोल्डर उचलले गेलेत, आठही जण कुठल्या ना कुठल्या 'जुनं' च्या पोटात खोल उतरलेत, आणि रांग घटकाभर रिकामी आहे. तेवढ्यात हा उठायचा. सुट्टी! आत असलेले आतच राहायचे आणि त्यांच्या हातात आलेलं कोणाला कळायचं नाही.

रांग रिकामी म्हणजे काम संपलं असं नसतं. कोणीतरी अजून आत असतं.

मी भिंतीवर एक पाटी लावली. म्हणजे प्रोग्राममध्ये. एक फोल्डर रांगेत आला की पाटीवर एक रेघ. कामगार तो फोल्डर पुरता संपवून बाहेर आला की मगच ती रेघ पुसायची, उचलताना नाही. पाटीवर एक जरी रेघ असेल तरी मुकादमाने जागचं हलायचं नाही. रांगेत चिटपाखरू नसलं तरी.

मग मी वर धावलो. "आजोबा, शर्ट काढा बाहेर."

"सापडले?"

"नाही. पण मघाचं 'नाही' खोटं होतं."

"मग आता खरं 'नाही' मिळणार?" आजोबांनी विचारलं. पण कपाट उघडलं.

दुसरी बाही होईपर्यंत त्यांना दम निघाला नाही. हँगरवर शर्ट घेऊन ते खालीच आले आणि लॅबमधल्या स्टुलावर बसले. पडद्यावर मी मोठ्या आकड्यांत कोणता कामगार कुठे आहे ते दाखवत होतो. आजोबांनी दोन मिनिटांत सगळ्यांची ओळख करून घेतली.

"तीन नंबर कामाचा आहे. सात पण बरा. हा पाच नंबर बघ, मघापासून एकाच ठिकाणी. आळशी."

"आळशी नाही, खोल गेलाय. 'जुनं', 'जुनं', 'अगदी जुनं', 'फेकायचं', 'फेकू नये'…"

"अरेरे," आजोबा म्हणाले आणि पाच नंबरकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. "मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचो ना, तेव्हा वर बटणावर माझी टोपी टांगून जायचो. टोपी आहे तोवर कोणी बटण दाबायचं नाही. एकदा एका साहेबाने टोपी काढून मला आणून दिली. खड्ड्यात. म्हणे, तुमची टोपी वर राहिली होती."

"मग?"

"मग काय, वर कोणीतरी बटण दाबलं, लिफ्ट डोक्यावर येऊन थांबली, दोघंही तिथेच बसलो. चांगला माणूस होता."

रेघा वाढत होत्या, पुसल्या जात होत्या. रांग चारपाच वेळा रिकामी झाली. मुकादम बसून राहिला. ऊन टेबलावरून जमिनीवर गेलं. एकेक कामगार मोकळा झाला. शेवटी एकटा पाच नंबर उरला. पाच नंबरही बाहेर आला. शेवटची रेघ पुसली गेली.

आठ लाख फाइली. 'सापडलं नाही.'

हे खरं 'नाही' होतं. यात कुठे भोक नव्हतं. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात बिनचूक चाललेला प्रोग्राम, आणि मला तो पायाखाली चिरडावासा वाटत होता. आजोबांनी हँगरचा आकडा बोटात फिरवला, एकदा इकडे, एकदा तिकडे.

"चांगली शोधली हो पोरांनी," ते म्हणाले. म्हणजे त्या आठ जणांनी.

काका आतून आला. हात कोपरापर्यंत पांढरे. "काय झालं?"

"त्या नावाची फाइलच नाही."

"असं कसं? कोणतं नाव शोधतोयस?"

मी आजोबांचं पूर्ण नाव सांगितलं, बँकेच्या पासबुकावर असतं तसं. काकाने लांबच्या नात्यातलं कोणीतरी आठवावं तसा चेहरा केला.

"काका, तू घातलं होतंस ना नाव? मग तूच टाइप कर. त्या दिवशी केलं असशील तसं. विचार न करता."

काकाने फडक्याला हात पुसले, वाकला, दोन बोटांनी टकटक केलं आणि परत जायला वळला. मी म्हटलं, "काका." तो थांबला.

पडद्यावर लिहिलं होतं: बाबा.

काका त्याकडे बघत राहिला. मीही. चष्म्याची काडी सकाळीच 'ढिली' झाल्यामुळे आजोबांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.

"काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

काकाने फडकं उचलून पुसलेलेच हात परत पुसले.

"नाव घातल्याशिवाय पुढेच जात नाही ते," काका मला म्हणाला, जणू मीच आरोप केला होता. "मग जे येतं तेच…" त्याचे कान लाल झाले होते. प्लास्टरमुळे जास्तच दिसत होते.

मी कामगारांना परत उतरवलं. आता मुकादम काय, आम्हीच जागचे हललो नाही. पाच नंबरनेच पहिली फाइल काढली. मग तीनने. मग आणखी. शेवटी सहा बाबा सापडले. सहाही एकच, प्रत्येक 'जुनं' मध्ये एक एक कॉपी.

आणि फाइलचं नाव 'ठीक आहे' नव्हतंच. फाइलचं नाव होतं 'तुझं जेवण झालं का'.

मी ते मोठ्याने वाचलं. काका स्टूल ओढून बसला.

"मला वाटत होतं, ठीक आहे म्हणालात," तो म्हणाला.

"मी असंच म्हणालो असणार," आजोबा म्हणाले. "सकाळपासून माझ्या तोंडात होतास. खाणार कधी?"

"झालं होतं का मग?" मी विचारलं.

"नव्हतं," काका म्हणाला. त्याने डिझाइन उघडलं, फिरवून फिरवून बघितलं, एका दाढेशी जरा थांबला आणि स्वतःवरच खूश झाल्यासारखा हुंकारला. मग मशीनचं झाकण उघडलं आणि हुंकार बंद झाला.

"गुलाबी संपलंय. हिरड्यांचं मटेरियल. मंगळवारी येईल."

"दुसरं काय आहे?"

"निळं. नमुने काढायचं."

"तोंडात चालतं?"

"चालतं. शोभत नाही."

"ती काही रंग वाचत नाही," आजोबा म्हणाले.

काकाने मान वर केली. "ती कोण?"

आजोबा हँगरवरच्या शर्टाची गुंडी लावू लागले. सगळ्यात वरची, मग त्याखालची.

"मशीन चालू कर," ते म्हणाले.

काकाने त्यांच्याकडे बघितलं, शर्टाकडे बघितलं, एका बाहीच्या इस्त्रीकडे बघितलं आणि मशीन चालू केलं. परत विचारलं नाही.

रविवारी दुपारी काकाने कवळी बसवली. घासली, काढली, परत घासली, परत बसवली. दात पांढरेशुभ्र आणि हिरड्या शाईची दौत लवंडल्यासारख्या. आजोबा आरशात बघून हसले आणि मी एक पाऊल मागे सरकलो. पण तोंड बंद केल्यावर ओठ जागेवर आले, गाल जागेवर आले, आमचे आजोबा आमच्यासमोर उभे राहिले.

बाई आल्या. ताठ बांधा, पांढरे केस, गळ्यात दोन चष्मे. एक वाचायला, एक माणसं वाचायला. मी दार उघडल्यावर त्यांनी माझा चेहरा धरून उजेडाकडे वळवला. "डोळ्यांखाली काळं आलंय. रात्री त्या डबड्यासमोर बसतोस ना?" मी हो म्हटलं. त्या आजोबांच्या खोलीत गेल्या. मी दार लोटून घेतलं आणि बाहेरच उभा राहिलो. मागून काका आला. हातात घासायची कानस.

"कुठे टोचली तर लागेल," तो म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बाईंचा आवाज, ऐकू न येणाऱ्या माणसांचा असतो तसा, जरा मोठा. "अहो! हिरड्या निळ्या!"

थोडा वेळ काही नाही.

"तात्पुरत्या? बरं. नाही, नाही, शब्द ओळखीचे आहेत. बोला."

आम्ही कान टवकारले. आतून काहीच ऐकू येईना. ना आजोबांचा आवाज, ना कुजबूज. काकाने माझ्याकडे बघितलं. मला उशिराच समजलं: बाईंशी बोलायला आजोबांना आवाज लागतच नव्हता. त्यांनी तो कधीच सोडून दिला असणार. एवढी आठ लाखांची झडती घेऊन मी त्यांचं तोंड परत आणलं होतं, आणि ते आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं आमच्यापासून दीड हातावर आवाज न करता बोलत होते. आम्हाला फक्त बाईंची बाजू मिळत होती.

"कळलं," बाई म्हणाल्या.

शांतता.

"परत म्हणा."

शांतता.

"नाही, पहिल्यांदाच कळलं होतं. तरी म्हणा."

बराच वेळ काही नाही. मग, "कारणं सांगा. भाऊ विचारेल मला. … हे काही कारण नाही. … हे तर अजिबातच नाही, पंखे तुमचे तुम्हाला दुरुस्त करता येतात. … हं." आणि मग खालच्या आवाजात, त्यांच्या मानाने खालच्या, "हं. हे आहे."

काकाने कानस या हातातून त्या हातात घेतली.

"आणि तुमचा मुलगा? त्याला विचारलंत?"

यावर आतली शांतता वेगळी होती.

"न विचारता मी कोणाच्या घरात पाऊल टाकत नाही," बाई म्हणाल्या. "लहान नाही मी. आणि दाराच्या फटीतून चार पाय दिसतायत मघापासून. आत या म्हणावं."

काका आत गेला. मी त्याच्या मागे. आजोबा पलंगावर, बाई समोर खुर्चीत, दोघांचे गुडघे जवळजवळ टेकलेले. दोन्ही बाह्यांना इस्त्री होती. आजोबांनी काकाकडे बघितलं आणि लगेच नजर खाली टाकली. आपल्याच मुलासमोर इतकं अवघडलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. काका दुसरं काही न सुचून त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिला आणि दातांनाच उद्देशून काहीतरी पुटपुटला.

"माझ्याकडे बघून बोला," बाई म्हणाल्या. "मला काही कळलं नाही."

काका वळला. दात सोडून कोणाच्या चेहऱ्याकडे तो किती वर्षांनी बघत होता कोण जाणे. त्याने घसा साफ केला. त्याचा काही उपयोग नव्हता, पण केला.

"मंगळवारी गुलाबी येतंय," तो म्हणाला. अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा. "मग परत बसवणार. माप तेच असलं तरी थोडं इकडेतिकडे होतं. शब्द नीट दिसतात की नाही ते मला कळत नाही. मला फक्त घासतं का तेवढं कळतं. दिसतात का, ते तुम्हालाच कळणार. तर तुम्ही समोर पाहिजेत."

बाई त्याच्या ओठांवरून नजर न काढता ऐकत होत्या. "मंगळवारी?"

"मंगळवारी. मग आठ दिवसांनी परत. हिरड्या बसत जातात. मग महिन्याने." काकाचे कान परत लाल झाले होते, पण तो वळला नाही. "बाबांच्या वयात हे काम झालं असं होतच नाही. चालूच राहतं."

"शेवटचं परत म्हणा."

"चालूच राहतं," काका म्हणाला.

आजोबांनी काहीतरी म्हटलं, आवाज न करता. बाई चटकन त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही मधे बोलू नका. मी एका वेळी एकाच तोंडाकडे बघू शकते." पण हे म्हणताना त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला, आणि तो स्वच्छच होता.

मग त्यांनी पर्समधून फोन काढून माझ्या हातात दिला. "माझ्या भावाला लाव. उद्या स्टेशनवर येऊ नकोस म्हणावं."

मी दारात जाऊन फोन लावला. भाऊ लगेच घाबरला. "का? बरी आहे ना ती?"

"बऱ्या आहेत. दातांचं काम निघालंय."

"दातांचं? तिचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत!"

"त्यांचे नाही."

"मग कोणाचे?"

मी खोलीत बघितलं. उजेड कमी झाला होता. काका टेबलावरचा दिवा उचलून दोघांच्या मधे आडवा उभा होता आणि कोणाच्या तोंडावर धरावा ते त्याला कळत नव्हतं. आजोबा हातवारे करून काहीतरी समजावत होते, निळ्या हिरड्या मधूनमधून चमकत होत्या. बाई मोठमोठ्याने सांगत होत्या की या खोलीत पलंगाची दिशाच चुकली आहे, माणूस उजेडाकडे पाठ करून झोपतो, तर सकाळी उठल्यावर तो काय म्हणाला ते दिसणार कसं.

"हॅलो? कोणाचे दात?" भाऊ विचारत होता.

"तुम्हाला जरा थांबावं लागेल," मी म्हटलं. "अजून बोलणं चाललंय."